पाणबुडी की नवरदेव

पुण्यात महागडी घड्याळं विकायला उभं राहिलं की पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते. इथला माणूस घड्याळ विकत घेत नाही, घड्याळाची तोंडी परीक्षा घेतो. कर्वेनगरचे एक निवृत्त प्राध्यापक लागोपाठ अकरा शनिवार आमच्या शोरूममध्ये येत होते. भिंग घरून आणायचे. बाराव्या शनिवारी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळासाठी एक सेल घेतला आणि जाताना म्हणाले, "घड्याळ उत्तम आहे. मला नको आहे, इतकंच."

अशा माणसांमध्ये मी सत्तावीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. कुणी विचारलं, काय करायचात, तर मी सांगते, लोकांची मनगटं हातात घ्यायचे. ते खरंच आहे. डॉक्टर आणि बांगडीवाले सोडले तर इतकी मनगटं कुणीच हाताळली नसतील.

शेवटच्या काही वर्षांत सगळ्यांत जास्त चालायची ती पोलादी स्पोर्ट्स घड्याळं. 'स्पोर्ट्स' म्हणजे ती कुणासाठी तरी खास बनवलेली असतात, समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी, डोंगर चढणाऱ्यांसाठी, मोटारींच्या शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी. घेणारे बहुतेक जण ऑफिसचा जिनासुद्धा चढत नाहीत, पण घड्याळ तीनशे मीटर पाण्याखाली चालतं हे ऐकून त्यांची छाती फुगते. सोन्याचं घड्याळ समारंभाचं, हे रोजचं. आणि रोजचं घड्याळ निवडणं हे समारंभाच्या घड्याळापेक्षा फार अवघड काम. बाहीत अडकतं का, मनगटाला जड होतं का, चकचकीत पोलादावर चरे किती दिसतात, घाम आला की पट्टा चिकटतो का. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. तो गर्व उतरवणारं गिऱ्हाईक शहराच्या कडेच्या मांजरी गावाहून आलं.

गुलाबराव एका सकाळी शोरूमचं दार उघडल्या उघडल्या आत आले. साठी ओलांडलेले, धिप्पाड, पांढराशुभ्र पूर्ण बाह्यांचा शर्ट. मागून त्यांच्या पत्नी अलकाताई, शांत, हातात पर्स घट्ट धरलेली. मांजरीला त्यांची शेती. निम्मी बिल्डरकडे गेलेली, निम्म्यात अजून ऊस उभा. माझी सहकारी नेहा लगबगीने पुढे झाली आणि तिने सवयीने सोन्याचा ट्रे बाहेर काढला.

"सर, धिस इज आमचं बेस्टसेलर."

गुलाबरावांनी ट्रेकडे बघून हात जोडले. "सोनं नको पोरी. सोन्याचं घड्याळ घातलं की लोकं माझ्याशी बोलत न्हाईत, घड्याळाशी बोलतात. मला लोखंडाचं दावा. रोजला घालायचंय. झोपतानासुदिक."

"पोलादाचं," मी म्हटलं.

"तेच. इळ्याचं पोलाद आसंल तर बरंच."

मी त्यांच्यापुढे दोन घड्याळं ठेवली. पहिलं बुडी मारणाऱ्यांचं: जाड, वजनदार, काळी तबकडी, ठसठशीत पांढरे काटे, आणि काचेभोवती टकटक आवाज करत फिरणारं एक कडं. दुसरं पातळ, निळ्या तबकडीचं, पट्टा आणि डबी जणू एकाच पत्र्यातून वळवल्यासारखी, कडांना आरशासारखी झळाळी. गुलाबरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पहिल्याचं नाव ठेवलं पाणबुडी, दुसऱ्याचं नवरदेव. त्यानंतरचे दोन तास शोरूममध्ये कुणीही त्या घड्याळांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली नाही.

"आता असं," गुलाबराव म्हणाले, "मी दिवसभरात जे जे करतो ते ते हितं करून बघनार. चालंल?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, हात वरखाली करतील. त्यांनी मात्र खरोखर दिवस काढला. मी डाव्या मनगटावर पाणबुडी चढवली, आणि ते शोरूमच्या मधोमध बसून म्हशीची धार काढू लागले. मग ती काढून नवरदेव चढवला, आणि त्याच म्हशीची पुन्हा धार. मग मोटारसायकल. मग खांद्यावर पोतं. मार्केट यार्डात भाव ठरवताना रुमालाखाली हात घालून पूर्वी कसे बोटांनी बोलत, ते त्यांनी नेहाच्या दुपट्ट्याखाली हात घालून तिला शिकवलं. नेहा हसून हसून काउंटरला टेकली. मग ते डावा हात कमरेवर ठेवून, उजवा हवेत नाचवत छाती काढून उभे राहिले.

"हे काय?" मी विचारलं.

"भांडताना. भावकी लई हाय आमची. त्या वक्ताला घड्याळ दिसाया पायजे."

"यात नवरदेव शोभतो," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"पर मार खाईल," अलकाताई पहिल्यांदाच बोलल्या.

तोवर बॅटरी बदलायला आलेल्या एक बाई, ऑफिसला निघालेले दोन तरुण आणि दारावरचे पहारेकरी असे सगळे भोवती जमले होते. गुलाबरावांना पाण्याची परीक्षा हवी होती. मी चावी, म्हणजे वेळ लावायची बाजूची कळ, घट्ट पिळून बंद केली आणि आम्ही सगळे मिरवणुकीसारखे मागच्या दुरुस्तीच्या खोलीतल्या बेसिनकडे गेलो. तिथे आमचे कारागीर इस्माईलचाचा डोळ्याला भिंग लावून बसले होते. चाळीस वर्षं घड्याळं उघडणारा माणूस. त्यांनी मान वर करून पाहिलं, एक म्हशीविना म्हैस धुणारा गृहस्थ, मागे सात-आठ माणसं, आणि पुन्हा मान खाली घातली.

आवाज ऐकून मालक केबिनमधून बाहेर आले. आमचे मालक कमी बोलणारे. त्यांनी ओली फरशी पाहिली, मला पाहिलं, आणि म्हणाले, "कुंदाताई, आपल्याकडे म्हशींचं कधीपासून सुरू झालं?"

शेवटी गुलाबरावांनी मतदान घ्यायचं ठरवलं. हात वर करून. नवरदेवाला नेहा, दोन्ही तरुण आणि बॅटरीवाल्या बाई. पाणबुडीला पहारेकरी, मी, स्वतः गुलाबराव आणि, मी आजही शपथेवर सांगू शकते, आमचे मालक. चार-चार झाली. सगळे अलकाताईंकडे वळले. त्या कितीतरी वेळ त्या दोन घड्याळांच्या पट्ट्यांकडे बघत होत्या.

"नवरदेव," त्या म्हणाल्या.

"मंग ठरलं," गुलाबराव म्हणाले. "पाणबुडी द्या."

इतकं हसत विकलेलं घड्याळ माझ्या सगळ्या नोकरीत दुसरं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते आणि शेजारची बाई सरकून बसली.

आठ दिवसांनी अलकाताई एकट्या आल्या. पर्समधून डबा काढून काउंटरवर ठेवला.

"हे घ्या माघारी. ते दुसरं द्या, नवरदेव. वर काय लागंल ते देते."

"बिघडलं का काही?"

"न्हाई."

"आवडलं नाही त्यांना?"

"आवडलंय. कपाटात ठेवत्यात. घालत न्हाईत."

मी घड्याळ हातात घेतलं. पट्ट्यावरचं पातळ प्लास्टिक निघालेलं, लॉकवर बारीक चरे. एकदा वापरलेलं घड्याळ परत घ्यायचं नाही, हा कंपनीचा नियम. तो मी सांगितला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी निवड कपाटात पडून राहते हे मला सहन होईना. मी त्यांना दहा मिनिटं समजावत राहिले, पाणबुडीच त्यांच्या कामाला कशी बरोबर, नवरदेवाला महिन्याभरात कसे चरे पडले असते. त्या ऐकत होत्या. कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मी नीट विचारलंही नाही.

"मी येते तुमच्याकडे," मी म्हटलं. "गुलाबरावांना समजावते. सवय नसते म्हणून होतं असं."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "या," म्हणाल्या. "खरंच या."

सुट्टीच्या दिवशी मी मांजरीला गेले. नव्या सोसायट्यांच्या उंच इमारती, आणि त्यांच्या पायाशी उसाचा एक हिरवा तुकडा, त्याला लागून गुलाबरावांचं घर. महिन्याभरावर धाकट्या मुलीचं लग्न होतं. ओसरीवर पत्रिकांचे गठ्ठे. गुलाबरावांनी माझं स्वागत असं केलं की मीच वरमाय असावी. खुर्ची बदलली, पंखा बदलला, पाणी बदललं. सतत काही ना काही करत होते. अलकाताई पोहे करायला आत गेल्या.

"आता घड्याळ आणा," मी म्हटलं. "आणि माझ्यासमोर घाला. काय अडतंय ते बघू."

"घालू की. आधी पोहे खावा."

"आधी घड्याळ."

त्यांनी दोन-तीन विनोद केले. मी हसले, पण हटले नाही. ते घड्याळ घेऊन आले, समोर बसले, डाव्या मनगटावर चढवलं आणि उजव्या हाताने लॉक लावू लागले.

नवरदेवाचा पट्टा नुसता दाबला की बसायचा; पाणबुडीच्या पट्ट्याचं लॉक दुहेरी असतं. आधी एक पट्टी दाबून बसवायची, मग तिच्यावर छोटासा खटका नखाने लोटून अडकवायचा, म्हणजे पाण्यात हात आपटला तरी घड्याळ सुटू नये. निरोगी बोटांना दोन सेकंदांचं काम. गुलाबरावांचा अंगठा खटक्यावरून घसरला. पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी मला दिसलं की अंगठा एकटाच घसरत नाही, सगळा पंजा बारीक थरथरतोय. पट्टी पोलादावर टिकटिक वाजत होती.

मग त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. मांडीवर तो अधिकच हलू लागला.

"चालता ठेवला की कळत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "थांबला की दिसतं. म्हनून मी थांबत न्हाई."

मला त्या सकाळची म्हैस आठवली, मोटारसायकल, पोतं, रुमालाखालची बोटं. दोन तास त्या माणसाने आपला उजवा हात एकदाही स्वस्थ ठेवला नव्हता आणि आम्ही सगळे हसत होतो.

"कंपवात हाय. डाक्टर म्हनला, गोळ्या वेळच्या वेळी, चार टायमाला, जरा हुकली तरी फरक पडतो. मोबाइल वाजवला तर समदे इचारत्यात कसली बेल. म्हनून घड्याळ. हे कडं बघा," त्यांनी पाणबुडीच्या काचेभोवतीचं कडं पंजात धरून फिरवलं, त्याला पकड उत्तम होती, "ह्याच्यावरचा ठिपका पुढच्या गोळीच्या वेळेवर ठेवायचा. तास-काटा तितं पोचला की गोळी. लई झ्याक सोय हाय. त्या नवरदेवाला कडं कुटं हाय?"

"घरात माहीत आहे?"

"कुनालाच न्हाई. पोरीचं लगीन होऊ द्या. तुमी बोलू नका ताई. अलकाला तर न्हाईच. ती काळजीनं झुरंल."

"मग लॉक त्यांच्याकडून..."

"रोज सकाळी तिच्याम्होरं हात केला तर ती काय खुळी हाय का?"

मी पोहे खाल्ले. कसे होते ते आठवत नाही. सत्तावीस वर्षं आमची एक पद्धत होती, गिऱ्हाइकाचं मनगट मखमली उशीवर घ्यायचं, घड्याळ आपण चढवायचं, लॉक आपण लावायचं, आणि काढायचंही आपण. अदब म्हणून. त्या दोन तासांत मी ते लॉक कितीदा लावलं असेल, पण त्यांच्या हातात एकदाही दिलं नव्हतं. वजन, जाडी, चरे, पाणी, सगळं मी तपासलं, आणि रोज सकाळी माणूस पहिल्यांदा जे करतो तेच तपासलं नाही. ती चुटपुट अजून आहे. तिथून पुढे निवृत्त होईपर्यंत मी गिऱ्हाइकाच्या हातात घड्याळ देऊन आधी म्हणायचे, आपलं आपण लावून बघा. नेहाला वाटायचं मी म्हातारपणी आळशी झाले.

पट्टा बदलून आणते, असं गुलाबरावांना सांगून घड्याळ मी पर्समध्ये घालून शहरात आणलं आणि दुसऱ्या दिवशी थेट इस्माईलचाचांसमोर ठेवलं.

"चाचा, ह्याला लॉकच नसलेला पट्टा हवा. पोलादाचाच."

"का?"

"गिऱ्हाइकाची इच्छा."

चाचांनी लॉकवरचे चरे भिंगातून पाहिले. बराच वेळ पाहिले. सगळे चरे एकाच बाजूने, आडवे, बारीक, दाट.

"कोणता हात हलतो?" त्यांनी विचारलं.

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. खालचा खण उघडून त्यांनी एक डबा काढला. त्यात होते स्प्रिंगचे पट्टे, ताणले की लांबणारे, सोडले की मिटणारे, मनगटावरचे केस उपटणारे. एके काळी प्रत्येक कारकुनाच्या हातात असायचे. आता कुणी फुकट दिला तरी घेत नाही. चाचांनी त्यातला सगळ्यांत रुंद निवडला, त्याची टोकं कानशीने घासून पाणबुडीच्या मापाची केली, स्प्रिंगा सैल केल्या आणि दुपारपर्यंत ते काम हातावेगळं केलं.

काउंटरवर ठेवलेलं ते घड्याळ जगातल्या कुठल्याही कॅटलॉगमध्ये बसलं नसतं. सुटाबुटातल्या माणसाने पायात चपला घालाव्यात तसं दिसत होतं. नेहा म्हणाली, "मॅडम, हे इल्लीगल नाही ना?" मालक बाहेर आले. त्यांनी घड्याळ उचललं, पट्टा ताणला, सोडला. पुन्हा ताणला.

"कंपनीच्या माणसाने पाहिलं तर माझी एजन्सी जाईल," ते म्हणाले.

"हो."

"कुणी सांगितलं हे करायला?"

"मी."

"कारण?"

"सांगता येणार नाही."

त्यांनी पट्टा तिसऱ्यांदा ताणला, स्वतःच्या हातावर चढवला, काढला. "आरामशीर आहे हो," असं काहीसं पुटपुटत ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

गुलाबराव अलकाताईंना घेऊन आले तेव्हा मी सवयीने उशी पुढे केली आणि लगेच मागे घेतली. घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उजव्या पंजात ते धरलं, डावा हात आत घातला. झालं. सेकंदही लागला नाही. त्यांनी ते काढलं. पुन्हा घातलं. काढलं, घातलं. दहा-बारा वेळा. चेहरा असा फुलला होता की पहारेकरी आत येऊन बघू लागले.

"आरं तिच्या," गुलाबराव म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता उजवा हात काउंटरवर टेकला, आणि ते त्याला चालता ठेवायला विसरले. काचेवर बोटांची थरथर स्पष्ट वाजली. त्यांनी झटकन हात उचलला, पण अलकाताईंनी तो हवेतच पकडला आणि परत काचेवर ठेवला. वर आपला हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या की त्याला," त्या म्हणाल्या. "किती पळवाल?"

गुलाबराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुला ठावं हाय?"

"सहा महिनं झालं, मी तुमाला चहा अर्धा कपच देते. का देते वाटलं?"

"मला वाटलं, साखर वाढली म्हनून."

"सांडला तर तुमी कपड्यावर फडकं टाकून दिवसभर बसून ऱ्हाता. म्हनून."

"बोलली न्हाईस."

"तुमीबी न्हाई बोललात. तुमाला वाटलं मी झुरंन. मला वाटलं, मला कळलंय हे कळलं तर तुमी झुराल."

गुलाबरावांच्या पोटातून हसू वर येताना मला दिसलं. ते आलं, आणि अलकाताईंनाही आलं, आणि ती दोघं काउंटरपाशी एकमेकांचा हात धरून इतकी हसली की नेहाला काही कळलं नसतानाही ती हसू लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कशाचं ते मी तपासलं नाही.

"चहा मागवा," अलकाताई मला म्हणाल्या. "आन् ह्यांना भरून."

चहा आला. अलकाताईंनी स्वतः कप काठोकाठ भरून नवऱ्यापुढे ठेवला. मालक बाहेर येऊन उभे होते, इस्माईलचाचा खोलीच्या दारात. गुलाबरावांनी दोन्ही हातांनी कप उचलला. तो काउंटरपासून ओठांपर्यंत जाईतो निम्मा चहा काचेवर, बिलबुकावर आणि मालकांच्या बाहीवर गेला. कुणी हललं नाही. मालकांनीसुद्धा बाही मागे घेतली नाही.

गुलाबरावांनी उरलेला चहा सावकाश संपवला, कप खाली ठेवला, आत डोकावून पाहिलं आणि बायकोकडे वळले.

"अर्धाच पोचला गं," ते म्हणाले. "तुझंच माप बरोबर व्हतं."